बॅरिस्टर सोम यांना मी दोषी ठरवलं

फजितीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची असते म्हणतात, आणि नेमकं तेच मला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. तरी प्रयत्न करते. चहा घ्या, बिस्किट घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी भांडेन. भांडायची मला सवय आहे. एकतीस वर्षं कोलकात्यात एका इंग्रजी दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या दिल्या मी. वकिलांशी भांडले, न्यायाधीशांच्या पेशकारांशी भांडले, उपसंपादकांशी तर रोज संध्याकाळी नेमाने भांडले.

आमचं काम कसं चालतं ते आधी ऐका, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. एका वेळी चार दालनांत चार सुनावण्या चालू असतात. तुम्ही दारातून आत शिरता तेव्हा युक्तिवाद अर्धा झालेला असतो. कोण फिर्यादी, कोण आरोपी, भांडण कशाचं, हे शेजारी उभ्या असलेल्या वकिलाच्या कारकुनाला कोपराने ढोसून विचारायचं. इकडे त्याला मुहुरी म्हणतात. तो मिशीतल्या मिशीत दोन वाक्यं पुटपुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुमची बातमी वाचून लोकांना वाटतं, ही बाई या खटल्यात जन्मापासून बसली आहे.

आणि निकाल? एकशे चाळीस पानांचा गठ्ठा हातात पडतो आणि ऑफिसातून फोन येतो, वीस मिनिटांत कॉपी दे. अशा वेळी पहिल्या पानापासून वाचत बसलात तर बातमी दुसऱ्याच्या पेपरात दिसते. म्हणून शेवटचं पान काढायचं. आदेश तिथे असतो. कोण जिंकलं, कोण हरलं, किती वर्षं. मग सवड मिळालीच तर मागे मागे सरकत कारणं बघायची. एकतीस वर्षं मी असं वाचत आले, आणि एकदाही माझ्या बातमीचा खुलासा छापायची वेळ आमच्या पेपरावर आली नाही. एकदाही नाही. हे मी तेव्हाही सर्वांना सांगत असे.

कादंबऱ्यांनाही मी हीच पद्धत लावली होती. रहस्यकथेचा शेवट आधी वाचला तर मजा जाते म्हणे. कसली मजा? आरोपी कोण हे ठाऊक असलं की पुरावा लख्ख दिसतो. बाकीचे वाचक तीनशे पानं चाचपडत असतात, आणि मी पहिल्या पानावरच गुन्हेगाराच्या बुटाकडे बघत असते.

तर निवृत्त झाल्यावर माझ्या हातात छापील असं एकच काही उरलं होतं. आमच्या मराठी मंडळाची वार्षिक स्मरणिका. तुम्हाला वाटेल, त्यात काय? जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत, मुलांची चित्रं. पण एकतीस वर्षं रोज सकाळी आपलं नाव छापलेलं पाहिलेल्या माणसाला एके दिवशी अचानक नुसता दुसऱ्यांचा पेपर वाचायला मिळतो ना, तेव्हा त्या चौसष्ट पानांची किंमत कळते. 'संपादक : वृंदा आगाशे' ही ओळ वर्षातून एकदा छापून येत होती, आणि त्या ओळीवर मी वर्ष काढत होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विनायकला, म्हणजे नवऱ्याला, न सांगता कळलं होतं.

आणि त्या ओळीवर परांजप्यांचा डोळा होता.

परांजपे म्हणजे रेल्वेतले निवृत्त अधिकारी. सगळी नोकरी गार्डन रीचच्या मुख्यालयात काढली. माणूस सज्जन, कपाळावर आठी, हातात छत्री. आदल्या वर्षी त्यांनी स्मरणिकेसाठी रेल्वेच्या पुलांवर अकरा पानांचा लेख दिला होता. मी त्यातला शेवटचा परिच्छेद छापला. सगळं सार त्यातच होतं. यात चिडण्यासारखं काय आहे? पण ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि गणपतीच्या आधीच्या बैठकीत उभे राहून म्हणाले की या वर्षी संपादक बदलावा, वाचून छापणारा माणूस बसवावा.

वाचून छापणारा! मला! मी उभी राहिले. पुढची पंधरा मिनिटं बैठकीत काय झालं ते मी सांगत नाही, कारण इतिवृत्तातही ते घेतलेलं नाही.

वाद मिटवला मंदाताईंनी. मंदाताई अठ्ठ्याहत्तरच्या. लग्न करून साताऱ्याहून इकडे आल्या त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि त्यातली तीस त्यांनी कायद्याच्या कॉलेजात शिकवण्यात घालवली. बोलतात हळू, आणि त्या बोलायला लागल्या की आमच्याकडे वाटीत चमचासुद्धा वाजत नाही. त्या म्हणाल्या, गणपतीत एक अभिरूप न्यायालय करू. एखाद्या पुस्तकातल्या पात्रावर खटला भरू. वृंदा फिर्यादीची वकील, परांजपे आरोपीचे. न्यायाधीश मी. ज्याची बाजू टिकेल, स्मरणिका त्याची.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुटुपुटूचा खटला, कार्यक्रमाचा कार्यक्रम, आणि भांडणाचा निकाल. मी तर मनातल्या मनात स्मरणिकेचं मुखपृष्ठसुद्धा ठरवून टाकलं. कोर्टाच्या बातमीदाराला कोर्टात हरवणार कोण? पुलांवर लेख लिहिणारा?

आता पुस्तक. आमच्या मंडळाचं ग्रंथालय म्हणजे बालीगंजला एका सदस्याच्या गॅरेजातलं लोखंडी कपाट. मंडळात निम्मी मंडळी बदलीची. बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारातले. तीन-चार वर्षं राहतात, मुलं घरातही अर्धं बंगाली बोलायला लागली की बदलीचा हुकूम येतो, आणि ट्रकमध्ये जे मावत नाही ते आमच्या कपाटात ठेवून जातात. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही मालिकेचा पहिला भाग नाही. तीन खंडांच्या ऐतिहासिक कादंबरीचा दुसरा खंड आहे. 'रुचकर लोणची, भाग चौथा' आहे. आणि बॅरिस्टर सोम यांच्या पंधरा पुस्तकांपैकी नववं.

बॅरिस्टर अनादि सोम हा इंग्रजी कादंबऱ्यांचा नायक. कोलकात्यातला वकील, चष्मा दोरीला बांधलेला, अशीलाला कधी दगा न देणारा. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. लेखक हयात आहेत आणि त्यांचे वाचक माझ्यापेक्षा भांडखोर आहेत. इंग्रजी असलं की मुलंही येतील म्हणून समितीने तेच निवडलं, आणि आरोपी ठरला स्वतः बॅरिस्टर सोम. त्याच्यावर आरोप कसला लावायचा, ते फिर्यादीने पुस्तक वाचून ठरवायचं.

मंदाताईंनी मला बजावलं की वृंदा, हे नववं आहे, आधी आठ आहेत, नंतरही आहेत. मी म्हटलं, ताई, एकतीस वर्षं सुनावणीच्या मध्येच शिरत आले, माझं काही अडलं नाही. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाने.

परांजप्यांनी जाहीर केलं की ते पहिल्या भागापासून वाचणार. मधलं स्टेशन गाळून गाडी नेणारा माणूस नव्हे तो. त्यांनी सगळा संच मागवला, त्यांच्या दारात खोकं येऊन पडलं, आणि त्या दिवसापासून परांजपे फिरायला येईनासे झाले. मला हसू आलं. खटला नवव्याचा, आणि हे पहिल्यात बसले आहेत.

मी घरी आले, चहा केला, बाल्कनीत बसले आणि शिरस्त्याप्रमाणे पुस्तक मागून उघडलं.

शेवटची तीन पानं. सकाळची वेळ. बॅरिस्टर सोम चहा पीत बसले आहेत. दार वाजतं. दारात पोलिस इन्स्पेक्टर, मान खाली घातलेली. तो म्हणतो, सोमसाहेब, खुनाच्या आरोपाखाली तुम्हाला अटक करावी लागते आहे. सोम कप खाली ठेवतात, चष्मा पुसतात, आणि म्हणतात, "मी तुमचीच वाट पाहत होतो."

संपलं!

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. अंगावर काटा आला हो. नायकच खुनी! नऊ पुस्तकं ज्याला देव मानलं तोच! लेखकाला मनातल्या मनात नमस्कार केला, आणि परांजप्यांची दया आली. माणूस आठ पुस्तकं त्याची पूजा करत येणार आणि नवव्यात त्याचा देव बेड्या घालून जाणार.

मग पहिल्या पानावर आले आणि पेन्सिल घेऊन बसले. बजबजच्या एका ताग गिरणीचा मॅनेजर गोदामात, तागाच्या गठ्ठ्यांमध्ये मेलेला सापडतो. पोलिस गिरणीतल्या म्हाताऱ्या कारकुनाला पकडतात, आणि सोम त्या कारकुनाचं वकीलपत्र घेतात. घेतात का, विचारा ना! खुनी स्वतःच निरपराध्याचा वकील होतो, म्हणजे तपासाचे सगळे कागद आयते त्याच्याच हातात. इतका पाताळयंत्री माणूस मी एकतीस वर्षांत कोर्टात पाहिला नव्हता, आणि कोर्टात मी काही कमी पाहिलेलं नाही.

आरोपी माहीत होता, त्यामुळे पुरावा नुसता ओसंडत होता. पान अडतीस, सोम दोनदा हात धुतात. दोनदा! पान एकाहत्तर, ज्युनियरला लग्नाला जातो म्हणून सांगतात आणि एकटेच लोकल पकडून बजबजला जातात. पान एकशे बारा, आपल्या अशीलाला म्हणतात, तोंड उघडू नका. पान एकशे साठ, गोदामात तागाच्या गठ्ठ्याला हात लावून डोळे मिटतात. याला पश्चात्ताप नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

शेवटाकडे मॅनेजरचा मेव्हणा भर कोर्टात खुनाची कबुली देतो. इथे सामान्य वाचक फसतो. मी कशी फसेन? मला पुढचं ठाऊक होतं. सोमने दबाव आणून त्या बिचाऱ्याकडून कबुली वदवून घेतली, म्हाताऱ्या कारकुनाला सोडवलं, मेव्हण्याला अडकवलं आणि घरी जाऊन चहा पीत बसला. मग पोलिस आले. कबुलीशी प्रकरण संपत होतं, तिथे मी पुस्तक मिटलं. पुढची तीन पानं आधीच वाचलेली, ती पुन्हा कोण वाचतं?

विनायकला सगळा युक्तिवाद म्हणून दाखवला. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "कबुली दिलेल्या माणसाचं पुढे काय होतं?" मी म्हटलं, ते लेखकाने वाचकांवर सोडलंय, हीच तर प्रतिभा. तो पुन्हा भाजी निवडायला लागला.

परांजप्यांनी दोनदा निरोप पाठवला की मंडळाची प्रत एक दिवस बघायला मिळेल का, त्यांच्या खोक्यातलं नववं पुस्तक पाण्यात भिजून आलंय, बदली प्रत यायची आहे. मी कळवलं, तो फिर्यादी पक्षाचा मुद्देमाल आहे. आता कळतं, हे चूक होतं. तेव्हा मला फार आवडलं होतं ते वाक्य.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खटला उभा राहिला. भाड्याचा हॉल गच्च भरलेला, बाहेर रस्त्यावर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू पडायला लागलेले. आरोपी म्हणून एका खुर्चीला काळा कोट टांगला होता. साक्षीदाराचा पिंजरा म्हणून कोणाच्या तरी घरून कपडे वाळत घालायचा स्टँड आणला होता. मंदाताई खादीची साडी नेसून उंच खुर्चीवर. त्यांनी आधी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं की दोन्ही विद्वान वकिलांनी पुस्तक पूर्ण वाचलं आहे ना. मी ठणकावून हो म्हटलं. परांजप्यांनी छत्रीकडे बघत हो म्हटलं.

मग मी सुरू झाले, आणि इथे नम्रपणा करून उपयोग नाही. मी हॉल गाजवला. हात दोनदा का धुतले? लग्नाची थाप का मारली? गठ्ठ्यापाशी डोळे का मिटले? एकेक पान वाचायचं, त्या काळ्या कोटाकडे बोट करायचं आणि गप्प उभं राहायचं. मागच्या रांगेतली मुलं, जी आमच्या कार्यक्रमांत फोनवरून मान वर करत नाहीत, ती पुढे येऊन जमिनीवर बसली. बायकांनी उकडीचे मोदक खायचे थांबवले. आणि शेवटी ती तीन पानं. "मी तुमचीच वाट पाहत होतो," हे वाक्य मी इतकं हळू वाचलं की पंख्याचा आवाज ऐकू आला.

मंदाताईंनी चष्मा काढला. "फिर्यादी पक्षाला खात्री आहे का, की ही पानं याच प्रकरणातली आहेत?"

मी म्हटलं, "न्यायमूर्ती, ती याच पुठ्ठ्याच्या आत शिवलेली आहेत. मी घरून आणलेली नाहीत."

हॉल हसला. मंदाताईंनी लिहून घेतलं. बचाव पक्षाची यावर काही हरकत आहे का, असं त्यांनी परांजप्यांना दोनदा विचारलं. दोनदा! परांजपे उठले, घसा खाकरला, आणि म्हणाले की माझे अशील आठ पुस्तकांत एकदाही खोटं बोललेले नाहीत. पहिल्या पुस्तकात त्यांनी विधवेची जमीन सोडवली. चौथ्यात स्वतःच्या भावाविरुद्ध साक्ष दिली. सहाव्यात गोळी खाल्ली. असे ते आठव्यापर्यंत आले आणि थांबले. नवव्याबद्दल एक अक्षर नाही.

मी उठले. "चारित्र्याचा दाखला हा पुरावा नव्हे. खुनाच्या दिवशी तुमचे अशील कुठे होते, तेवढं सांगा."

परांजपे बसले. मला सांगा, याहून मोठा विजय माणसाला साठीनंतर मिळतो का?

मंदाताई म्हणाल्या की निकाल राखून ठेवते, विसर्जनाच्या दिवशी लेखी देईन. आणि दिला. आठ पानं, टपोऱ्या मोत्यासारख्या अक्षरांत. विसर्जनाच्या गडबडीत, ढोलाच्या आवाजात त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि कानाशी येऊन काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. मी गर्दीतून बाजूला झाले आणि शेवटचं पान काढलं.

वर पहिलीच ओळ होती, 'आरोपी अनादि सोम यास दोषी ठरवण्यात येत आहे.' खाली, 'स्मरणिकेचे संपादन फिर्यादी पक्षाकडे राहील.' सही.

मी तिथेच गाडीवरच्या गणपतीला हात जोडले. परांजपे समोर उभे होते, त्यांना ते पान उंच धरून दाखवलं. त्यांनी वाचलं, छत्री काखेत मारली, आणि माझं अभिनंदन केलं. माणूस सज्जन, म्हटलं ना मी. मलाच जरा कसंतरी झालं, पण ते आरतीपुरतं.

स्मरणिका दिवाळीला निघायची. मी ठरवलं, हा निकाल शब्दन् शब्द छापायचा. काटछाट करते म्हणतात ना मला? घ्या, आठच्या आठ पानं. वर माझा फोटो, पिंजऱ्याच्या स्टँडपाशी बोट उगारलेला. मथळा, 'एक ऐतिहासिक निकाल'. मूळ कागद तसेच छापखान्यात पाठवले. आमच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याला हिंदीपुरती देवनागरी येते, त्यामुळे त्याच्याकडून एकही 'ळ' धड येत नाही, सगळीकडे 'ल'. मुद्रितं तपासायला विनायक बसतो. त्या वर्षी त्याने ती आठ पानं तपासली, माझ्यासमोर आणून ठेवली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "हे असंच जाऊ दे म्हणतेस?"

मी जाहिरातींच्या मागे लागलेली. म्हटलं, एक काना इकडचा तिकडे करू नकोस.

त्याने माझा हात हातात घेतला. आमच्याकडे असलं काही होत नाही, म्हणून लक्षात राहिलं. मला वाटलं, निवृत्तीनंतर त्याला माझी नव्याने किंमत कळते आहे.

अंक घरोघरी गेला आणि फोन यायला लागले. संपादक म्हणून अकरा वर्षांत मला असे फोन आले नव्हते. एक म्हणाली, काय मोठं मन आहे तुमचं. दुसरे म्हणाले, असं छापायला छाती लागते. बँकेतले एक गृहस्थ, जे कधी फोन करत नाहीत, ते म्हणाले की आजकालच्या पत्रकारांनी तुमच्याकडून शिकावं. मी प्रत्येकाला म्हटलं, अहो, त्यात काय, कर्तव्य आहे. आठ पानं दुसऱ्याच्या लेखनाला दिली म्हणून एवढं कौतुक? पण कौतुक नाकारणारी मी कोण?

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी फराळाचा कार्यक्रम. मी नवी पैठणी नेसले. हॉलमध्ये शिरले तर लोक उभे राहिले. खरंच उभे राहिले. पुढच्या वर्षीचा संपादक ठरवायचा विषय निघाला आणि परांजप्यांनी माइक मागितला. मी पदर कमरेला खोचला. आता पुन्हा लढाई. पण ते म्हणाले की गणपतीआधी मी ही जागा मागितली होती, आज मी मागणी परत घेतो. कारण वृंदाताईंनी जे केलं ते माझ्याने झालं नसतं. आणि त्यांनी स्मरणिका उघडली, माझ्या फोटोखालचं पहिलं पान काढलं, आणि मोठ्याने वाचायला लागले.

मंदाताईंची भाषा, परांजप्यांचा आवाज.

"फिर्यादी पक्षाच्या विदुषीने हे पुस्तक मागून वाचण्यास प्रारंभ केला, असे दिसते. शेवटची तीन पाने या पुस्तकाची नाहीत. ते मालिकेतील पुढल्या, म्हणजे दहाव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण असून प्रकाशकाने जाहिरातीसाठी जोडलेले आहे. तसे त्याच्या आदल्या पानावर ठळक छापलेले आहे. गिरणीच्या मॅनेजरचा खून त्याच्या मेव्हण्यानेच केला. बॅरिस्टर सोम या पुस्तकात निर्दोष आहेत आणि दहाव्यातही निर्दोष सुटतात. बचाव पक्षाच्या विद्वानांनी हे पुस्तक उघडलेलेच नाही. न्यायाधीशाला मात्र स्वतःच्या वाचनावर निकाल देता येत नाही; समोर आलेल्या पुराव्यावरच द्यावा लागतो. पुरावा हास्यास्पद आहे, पण तो कोणीही खोडलेला नाही. सबब, अत्यंत नाइलाजाने..."

कानात गणपतीतले ढोल वाजायला लागले. दीडशे माणसं माझ्याकडे प्रेमाने बघत होती. त्यांचा समज असा, की मी हे वाचलं, गिळलं, आणि संपादक असूनही एक शब्द न कापता स्वतःच्या फोटोखाली छापलं. परांजपे सांगत होते की माझी अब्रूही त्यात गेली, पण वृंदाताईंनी आधी स्वतःची घातली. असा संपादक मंडळाला पुन्हा मिळणार नाही.

टाळ्या. ठराव एकमताने मंजूर. मला माइकपाशी बोलावलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. मी माइक हातात घेतला आणि सत्य, खुलासा आणि पत्रकाराचा धर्म या विषयावर सहा मिनिटं बोलले. आवाज एकदाही कापला नाही. चूक कबूल करण्याचं धैर्य हीच लेखणीची खरी धार, असंही एक वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं, त्यावर वेगळ्या टाळ्या पडल्या. विनायकने डोळे पुसले. परांजप्यांनी पुढल्या अंकासाठी पुलांवरचा लेख पुन्हा देऊ का, असं विचारलं, आणि मी सर्वांसमक्ष अकरा पानांना हो म्हणून बसले.

खाली उतरले ती थेट चकल्यांच्या ताटापाशी, जिथे मंदाताई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारची खुर्ची दिली, ताट पुढे केलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाषण छान झालं. पहिलं पान कधी वाचलंस?"

त्यांच्यापुढे खोटं बोलता येत नाही. "वाचलं नाही ताई. ऐकलं. आत्ता, परांजप्यांच्या तोंडून."

"वाटलंच मला." त्यांनी चकली मोडली. "सोमने हात दोनदा धुतले कारण त्याने इलिश मासा खाल्ला होता, वृंदा. सदतिसाव्या पानावर."

"हे निकालात लिहिलंयत तुम्ही?"

"दुसऱ्या पानावर. पुढे सातव्यापर्यंत तुझा एकेक पुरावा घेतलाय सविस्तर. मला लिहिताना फार मजा आली."

मी मान वळवून हॉलकडे पाहिलं. तिकडे पाच-सहा जण माझ्याचकडे बघून हसत होते, आणि एका बाईने मला पाहून लाडू खाली ठेवला आणि दोन्ही हात दोनदा धुतल्यासारखे केले.

"ताई," मी म्हटलं, "किती जणांनी वाचलंय हे?"

मंदाताईंनी उरलेली चकली माझ्या हातात ठेवली. "सगळ्यांनी, गं. संपादक तेवढा राहिलाय."